काटेसाहेबांचा किलो

सोसायटीच्या सूचनाफलकावर, पाणी येण्याच्या वेळा आणि लिफ्ट बंद असल्याबद्दलची दिलगिरी यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली होती. तिथे काटेसाहेबांनी आपली सूचना डकवली: 'जुने हँगर असल्यास विज्ञानासाठी द्यावेत. दुसरा मजला, डावीकडचे दार.' खाली झोकदार सही. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं सह्या करून ती सही इतकी पक्की झाली होती, की दूधवाल्याला लिहिलेल्या चिठ्ठीखालीसुद्धा ती हुकमासारखी दिसायची.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. खात्यातल्या कुणीतरी तराजूच्या काट्यावरून ते ठेवलं आणि ते असं चिकटलं, की लग्नाच्या आमंत्रणांवरही तेच येऊ लागलं. त्यांना ते आवडायचंही. मनात एकच बारीक शल्य होतं. एकतीस वर्षांत त्यांनी एकही चोर पकडला नव्हता. त्यांचं काम टेबलाशी. लोकांनी आणलेली वजनं तपासायची, तळाच्या शिशाच्या गुळीवर शिक्का मारायचा, की पुढचा. दुकानांवर छापे घालायला दुसरे लोक जात आणि परत येऊन रंगवून गोष्टी सांगत. काटेसाहेब त्या ऐकून घेत आणि पुढचं वजन उचलत.

संध्याकाळपर्यंत दारात त्रेचाळीस हँगर जमले. त्यांतल्या दोनांवर कोट होते. ते परत न्यायला सांगितलं तर कोटवाले म्हणाले, ‘‘राहू द्या, विज्ञानाला लागतील.’’ पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले. फलकावर त्यांच्या परवानगीशिवाय काही लागलं की त्यांना रात्रीचं जेवण जात नसे.

‘‘हँगर कशाला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तराजू करायला. खेड्यातल्या शाळेतल्या मुलांसाठी.’’

‘‘आजकाल तराजू कोण वापरतं? मुलांना कॉम्प्युटर द्या. माझा सल्ला विचाराल तर–’’

‘‘विचारला नाही त्यांनी,’’ आतून काटेसाहेबांच्या बायकोचा आवाज आला. सेक्रेटरींनी तरीही पाऊण तास सल्ला दिला आणि जाताना एक मोडका हँगर ठेवून गेले.

हे सगळं सुरू झालं बायकोच्या मावसभावामुळे. तो शहरापासून दीड तासावरच्या एका गावात हेडमास्तर होता. शाळा तीन खोल्यांची, पुढे एक हातपंप. ‘‘भावोजी, एकदा येऊन मुलांना वजनमापांवर चार शब्द सांगा,’’ असं त्यानं म्हटलं, आणि काटेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सातवीच्या वर्गाला त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘तराजू म्हणजे काय?’’

एक मुलगा ताडकन उठला. ‘‘पान बेचाळीस, सर. वरचं चित्र.’’

‘‘पण खरा तराजू कुणी हातात घेतलाय?’’

सत्तावीस मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, ‘‘दुकानात आहे, सर. पण त्याला हात लावायचा नसतो.’’

शाळेत विज्ञानाचं साहित्य नव्हतं असं नाही. कपाटभर होतं. सहा वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयानं यादीसकट पाठवलेलं. हेडमास्तरांनी उत्साहानं पहिल्याच दिवशी एक परीक्षानळी बाहेर काढली, ती हातातून निसटली, आणि त्या एका नळीबद्दल दोन वर्षं पत्रव्यवहार चालला. नळी कशी फुटली, कुणाच्या उपस्थितीत फुटली, तुकडे जपून ठेवले आहेत काय, असल्यास किती. तेव्हापासून कपाटाला कुलूप होतं आणि मुलं पान बेचाळीसवर होती.

काटेसाहेब बसमध्ये बसेपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता.

पहिला तराजू स्वयंपाकघरात तयार झाला. हँगर दाराच्या खिळ्याला अडकवला आणि दोन्ही टोकांना डब्यांची झाकणं दोरीनं बांधली. एका पारड्यात चमचा, दुसऱ्यात खोडरबर. काटेसाहेब दोन पावलं मागे सरकून बघत राहिले.

‘‘अहो, झाकणं कशाची घेतलीत?’’ बायकोनं विचारलं.

‘‘मिठाची आणि मोहरीची.’’

‘‘म्हणजे आता मीठ आणि मोहरी उघडी आहेत.’’

शास्त्राची सुरुवात नेहमी घरातल्या गैरसोयीतूनच होते, असं काटेसाहेबांनी गंभीरपणे सांगितलं. पुढची झाकणं बाहेरून आणायची असं दोघांनी मिळून ठरवलं, म्हणजे बायकोनं ठरवलं.

त्रेचाळीस हँगर घेऊन बसमधून जाणं हा प्रयोग कुठल्याही पुस्तकात नाही. कंडक्टरनं आधी कपड्यांचं दुकान कुठे आहे असं विचारलं. मग हँगर एकमेकांत, खिडकीच्या गजात आणि शेजारच्या माणसाच्या पिशवीत अडकले. तो माणूस आपल्या थांब्यावर उतरला तेव्हा चार हँगर त्याच्याबरोबर उतरले. काटेसाहेबांनी खिडकीतून हाका मारल्या. त्याला वाटलं कुणी ओळखीचं आहे. त्यानं हसून हात हलवला.

झाकणांचा प्रश्न गावातल्या दुकानदारानं सोडवला. शाळेसमोरच त्याचं दुकान, गावातलं एकमेव. चाळिशीचा, शांत माणूस, सगळे त्याला भाऊ म्हणत. काटेसाहेबांनी काय हवंय ते सांगितल्यावर त्यानं मागच्या खोलीतून पत्र्याच्या डब्यांची झाकणं काढली, फडक्यानं पुसली, कडा बोचतात का ते बोटानं पाहिलं आणि मोजून ऐंशी दिली. ‘‘माझी मुलगी सातवीतच आहे, साहेब,’’ एवढंच म्हणाला.

ही मुलगी म्हणजे वर्गाची वकीलबाई. दिवसाला ती फार तर चार वाक्यं बोलायची, म्हणून पोरांनी तिला गमतीनं हे उलटं नाव ठेवलं होतं.

त्या गुरुवारी शाळेत जे झालं ते सुखाचं होतं, आणि काटेसाहेबांच्या वाट्याला सुख इतक्या घाऊक प्रमाणात पूर्वी कधी आलं नव्हतं. मुलांनी खिडक्यांच्या गजांना, दाराच्या कडीला, हातपंपाच्या दांड्याला तराजू टांगले आणि हाताला लागेल ते जोखलं. डाव्या पायातला बूट उजव्यापेक्षा जड निघाला. हजेरीपट एकोणीस खडूंच्या भाराचा भरला. हेडमास्तरांचा चष्मा त्यांच्या नाकावरून उतरवून पारड्यात गेला आणि बराच वेळ परत आला नाही. काटेसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, ‘‘कुणाचं ऐकू नका. माझंही ऐकू नका. वजन करा!’’ हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

दर गुरुवारचं जाणं सुरू झालं. मुलांची भूक वाढली. दगड, विटा, दप्तरं आली आणि हँगर वाकले. मग गावच्या सुतारानं सहा लाकडी दांड्या करून दिल्या, मधोमध भोक पाडून. काटेसाहेबांनी पट्टी लावली तर त्यांतल्या दोन भोकांत केसभर फरक निघाला. त्यांनी तो सुताराला दाखवला, आणि सुतार पुढचे दोन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही. दुप्पट चिडला तो त्याचा मुलगा, कारण तोही सातवीतच होता आणि वर्गात त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आता मुलांना खडूत आणि खोडरबरात मोजायचा कंटाळा आला होता. ‘‘पण खरं वजन किती, सर? किलोत?’’ त्यासाठी एक खरा किलो हवा होता. काटेसाहेब मनाशी हसले. त्यांच्याकडे तो होता.

निरोपाच्या दिवशी खात्यानं त्यांना पितळेचा एक किलो भेट दिला होता. चकचकीत, डौलदार, मखमल लावलेल्या लाकडी बैठकीवर ठेवलेला. बैठकीच्या पट्टीवर कोरलं होतं: 'अचूकतेच्या उपासकास, सहकाऱ्यांकडून सस्नेह.' बैठकखोलीतल्या काचेच्या कपाटात, मुलाच्या पदवीच्या फोटोशेजारी त्याची जागा होती. खरं तर फोटो थोडा मागे सरकवलेला होता. बायको दर रविवारी तो किलो पुसायची. आता तो टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून काटेसाहेबांनी बसनं नेला आणि वर्गात टेबलावर ठेवला, तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा उभी राहिली.

‘‘हा किलो,’’ काटेसाहेब म्हणाले. त्यापुढे काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही. ‘‘आता गावातलं एखादं वजन आणा. याच्याशी ताडून बघू.’’

मुलं धावत समोरच्या दुकानात गेली. भाऊंनी मापाचा लोखंडी किलो लगेच काढून दिला. ‘‘न्या की. बघा,’’ म्हणाले.

एका पारड्यात पितळ, दुसऱ्यात लोखंड. दांडी डोलली, थरथरली, आणि लोखंडाचं पारडं वर गेलं. चांगलं दोन बोटं वर.

जो क्षण काटेसाहेबांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींत ऐकला होता, तो त्यांच्यासमोर लोंबकळत होता. त्यांनी लोखंडी वजन उचलून उलटं केलं. तळाची शिशाची गुळी जागच्या जागी होती. तिच्यावरचा शिक्का याच वर्षाचा होता. ज्याला खात्यात येऊन आठवडा झालाय त्यानंही एवढं बघून वजन खाली ठेवलं असतं आणि दुसरीकडे शंका घेतली असती. पण काटेसाहेब त्या वेळी खात्यात नव्हतेच. ते छाप्यावर होते.

रस्ता ओलांडून ते दुकानासमोर उभे राहिले तेव्हा मागे सत्तावीस मुलं होती. नाही, सव्वीस, वकीलबाई वर्गातच राहिली होती. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. रस्त्यावरची सातआठ माणसं थांबली.

‘‘तुमचं वजन कमी आहे!’’ काटेसाहेब म्हणाले. खरं तर ते ओरडले.

भाऊंनी हातातली साखरेची पुडी खाली ठेवली. ‘‘साहेब, शिक्का तुमच्याच खात्याचा आहे.’’

‘‘शिक्के खोटेही असतात.’’

‘‘मी वीस वर्षं–’’

‘‘वीस वर्षं!’’ काटेसाहेब गर्दीकडे वळून म्हणाले. ‘‘ऐकलंत? वीस वर्षं!’’

या वाक्याचं त्यांना पुढे फार वाईट वाटायचं. पण त्या दिवशी वाटलं नाही. त्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांच्या खोलीत बसून तीन प्रतींत तक्रार लिहिली. हेडमास्तर दोनदा म्हणाले, ‘‘भावोजी, जरा दमानं घ्या, आधी एकदा–’’ आणि दोन्ही वेळा काटेसाहेबांनी त्यांच्याकडे टाचणी मागितली.

ते बाहेर आले तेव्हा दुकान बंद होतं. भाऊंनी फळ्या लावून घेतल्या होत्या. जमलेल्यांना ते सांगत होते, ‘‘खात्याचा माणूस येऊन वजन तपासेपर्यंत मी चिमूटभर मीठसुद्धा विकणार नाही.’’ आवाज चढलेला नव्हता. काटेसाहेबांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सोसायटीत ही बातमी त्यांच्याआधी पोचली. सेक्रेटरींनी स्वतः फलकावर अभिनंदन लावलं, स्वतःच्या परवानगीनं. लोक साखरेच्या, तांदळाच्या पुड्या घेऊन तपासायला येऊ लागले. कोटवाल्यांनी आणखी एक कोट दिला. काटेसाहेब नम्रपणे म्हणत, ‘‘कर्तव्य हो, दुसरं काय.’’ बायको चहा आणून ठेवायची आणि काही बोलायची नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली असताना बायको बोलत नाही याचा अर्थ काटेसाहेबांना कळायला हवा होता.

गावात मात्र पहिले दोन दिवस वाहवा झाली आणि तिसऱ्या दिवशी मीठ संपलं. दुसरं दुकान सात किलोमीटरवर. साबण, काडेपेटी, बाळाची दूधभुकटी, सगळ्यांसाठी सात किलोमीटर. भाऊंनी फसवलं म्हणून लोक भाऊंवर चिडले होते. आता पायपीट झाल्यावर ते काटेसाहेबांवरही चिडले. तक्रारीवर खात्याकडून उत्तर आलं होतं, की गाडी दुरुस्तीला असल्यानं अधिकारी दहाबारा दिवसांनी येतील. पुढच्या गुरुवारी काटेसाहेब बसमधून उतरले तर थांब्यावरचे लोक एकाएकी आभाळाकडे पाहू लागले.

वर्गात वकीलबाईच्या बाकावर ती एकटीच होती. तिच्या बाजूची मुलगी मागे जाऊन तिसरी म्हणून दाटीवाटीनं बसली होती. काटेसाहेबांनी ते पाहिलं आणि लगेच फळ्याकडे तोंड केलं.

तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. वकीलबाई उभी राहिली.

‘‘सर, एक लिटर पाण्याचं वजन किती?’’

तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. काटेसाहेबांना बरं वाटलं. पोर बापावरून मन दुसरीकडे वळवते आहे असं वाटलं. ‘‘एक किलो,’’ ते म्हणाले. ‘‘काटेकोर सांगायचं तर चार अंश तापमानाला. पण आपल्यापुरतं एक किलो.’’

‘‘मोजून बघायचं?’’

‘‘अवश्य! पण लिटर कशानं मोजणार?’’

‘‘कपाटात काचेचं मोजपात्र आहे. यादीत लिहिलंय.’’

हेडमास्तर दारातच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. ‘‘भावोजी, काच आहे ती.’’

‘‘उघडा कपाट,’’ काटेसाहेब म्हणाले. ‘‘फुटलं तर मी जबाबदार. लेखी देतो.’’

कुलूप गंजलं होतं. तेल घालून, ठोकून, शेवटी सुताराच्या मुलानं किल्लीला चिमटा लावून ते फिरवलं. मोजपात्र कागदात गुंडाळलेलंच होतं, त्याला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. अर्ध्या लिटरचं. हेडमास्तरांनी ते दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि हात तसेच भोवती धरून उभे राहिले.

वकीलबाईनं दप्तरातून दोन सारखे रिकामे डबे काढले, आणि रुमालात बांधलेला बापाचा लोखंडी किलो. डबे तिनं दोन्ही पारड्यांत ठेवले. दांडी सरळ राहिली. मग ती सुताराच्या मुलाकडे वळली. ‘‘पाणी तू ओत. मी ओतलं तर म्हणाल, हिनं केलं.’’

सुताराच्या मुलानं जीभ दातांत धरून दोनदा पाचशेच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि एका डब्यात ओतलं. दुसऱ्या डब्यात तिनं पितळी किलो ठेवला.

पितळेचं पारडं खाली गेलं.

‘‘रेघ नीट बघितली नसशील,’’ काटेसाहेब म्हणाले. ‘‘पाण्याची कड वर चढते. मधला खोलगट भाग रेघेला लागायला हवा.’’ त्यांनी स्वतः डोळा रेघेशी नेऊन पाणी पुन्हा मोजलं. पितळ खाली. त्यांनी खिडक्या लावायला सांगितल्या, वारा नको म्हणून. पितळ खाली. मुलांना दोन पावलं मागे सरकायला लावलं, श्वासाचा परिणाम होतो म्हणून. पितळ खालीच.

‘‘बाजू बदलायच्या?’’ तिनं हळूच विचारलं. बाजू बदलल्या. पितळ आता डावीकडे खाली गेलं.

मग तिनं पितळ काढून तिथे लोखंडी किलो ठेवला. दांडी जरा हेलकावली आणि पाण्याच्या बरोबरीनं सरळ थांबली.

सत्तावीस जण काटेसाहेबांकडे बघत होते, आणि त्या बघण्यात टिंगल नव्हती. तेच सगळ्यांत जड होतं. सर आता उत्तर सांगतील, तेवढ्याची ती मुलं वाट बघत होती. काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. लोखंडी किलो उतरवून पितळी पुन्हा ठेवला. मग कपाटातल्या, मिलिलिटरच्या खुणा असलेल्या छोट्या नळीनं मोजून पाण्याच्या बाजूला थोडं थोडं पाणी ओतत गेले. दहा. वीस. तीस. चाळीसच्या जरा पुढे दांडी सरळ झाली.

‘‘माझा किलो जड आहे,’’ ते म्हणाले. मग वर्गाकडे वळून म्हणाले, ‘‘भाऊंचा बरोबर आहे. माझा चुकलाय.’’

सुताराच्या मुलानं वकीलबाईकडे पाहिलं, आपलं दप्तर उचललं आणि तिच्या बाकावर जाऊन बसला. काही न बोलता बसला, आणि त्या पोराच्या बाबतीत हे फारच मोठं होतं.

हेडमास्तर म्हणाले, ‘‘भावोजी, चहा घेता?’’

घरी पोचल्यावर काटेसाहेब बूट न काढताच खुर्चीत बसले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘अहो, पण तुम्ही तो कधी तपासला नव्हता?’’

‘‘भेट मिळालेली वस्तू कुणी तपासतं का? अचूकतेचा उपासक म्हणून कोरलंय तिच्यावर.’’

‘‘मला दर रविवारी जड लागायचा,’’ ती म्हणाली. ‘‘मी म्हटलं, मानाची वस्तू आहे. असायचीच जड.’’

त्यांनी खात्यात फोन लावला. आता तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस साहेब झाला होता. पितळी किलोचं नाव काढताच पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. ‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘ते वजन आम्ही ट्रॉफीच्या दुकानातून करून घेतलं होतं. आम्हाला वाटलं, तुम्ही शोकेसमध्ये ठेवाल.’’

‘‘माझी तक्रार मी मागे घेतो.’’

‘‘नाही घेता येत. नोंद झाली की मागे घेता येत नाही. ते परिपत्रक तुमच्याच सहीचं आहे, साहेब.’’ तो खरोखरच ओशाळला होता. ‘‘सोमवारी गाडी मिळते आहे. येतोच.’’

पण सोमवारपर्यंत थांबणं काटेसाहेबांना जमेना. शुक्रवारी सकाळच्या बसनं ते निघाले. बायको न विचारता बरोबर आली. दुकानाच्या पायरीवर भाऊ बसले होते, पाठीमागे बंद फळ्या.

‘‘भाऊ, माझी चूक झाली,’’ काटेसाहेब म्हणाले. ‘‘मी माफी मागायला आलोय.’’

भाऊंनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. ‘‘साहेब, माझी मुलगी आठ दिवस एकटी डबा खात होती. घरी येऊन सांगितलंही नाही तिनं. मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.’’ मग वर पाहून म्हणाले, ‘‘तुम्ही मला खोटा म्हणालात तेव्हा मोठ्यानं म्हणालात. आता हळू का बोलता?’’

काटेसाहेबांनी रस्त्यावर नजर टाकली. रस्ता ओस होता. सगळे कामावर गेलेले. समोर एक म्हातारे आजोबा ऊन खात बसले होते, तेवढेच.

‘‘लोक दुपारी परत येतात,’’ भाऊ म्हणाले.

‘‘मग मी थांबतो.’’

ते पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. बायको मधे बसली. तीन तास तिघं तसे बसून होते. मधे एकदा भाऊ आत जाऊन पाण्याचे दोन ग्लास घेऊन आले, एक तिच्यापुढे ठेवला आणि दुसरा, थोडा विचार करून, काटेसाहेबांपुढे. ऊन पायरीवरून त्यांच्या डोक्यावर आलं. आयुष्यभर लोक त्यांच्या टेबलासमोर बाकावर ताटकळत बसायचे, ते काय करत असतील याचा विचार काटेसाहेबांनी प्रथमच केला.

दुपारी माणसं जमली. काटेसाहेब पायरीवर उभे राहिले. ‘‘भाऊंचं वजन बरोबर आहे. माझं चुकीचं होतं. मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं. सगळ्यांसमोर माफी मागतो.’’

‘‘काय म्हणतोय तो?’’ समोरच्या आजोबांनी कानाला हात लावून विचारलं.

काटेसाहेबांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

‘‘कोण चोर?’’

‘‘कुणी नाही!’’ काटेसाहेब ओरडले. त्यांचा आवाज फाटला. ‘‘मी चुकलो! मी!’’

आजोबांनी समाधानानं मान हलवली. गर्दीत थोडं हसू पसरलं, पण काटेसाहेबांना ते लागलं नाही. भाऊंनी उठून एक फळी काढली. मग दुसरी. बाकीच्या लावलेल्याच ठेवल्या. ‘‘मीठ हवंय ना कुणाला?’’ एवढं म्हणून ते आत गेले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि काटेसाहेबांनी विचारलंही नाही.

सोमवारी खात्याची गाडी आली. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून फोनवरच्या त्या नव्या साहेबांनी लाकडी पेटीतला खात्याचा तराजू आणि प्रमाण वजनं काढली. मुलं दाटीनं उभी होती. एवढा नाजूक तराजू त्यांनी कधी पाहिला नव्हता. भाऊंची सगळी वजनं एकेक करून तपासली गेली. सगळी बरोबर. मग साहेबांनी पितळी किलो मागितला. तो तोलला, आकडा पाहिला आणि पेन हातात धरून बसून राहिले.

‘‘पंचनामा करावा लागेल,’’ ते काटेसाहेबांकडे न बघता म्हणाले. ‘‘प्रमाणित नसलेलं वजन वापरात आणलं. जप्त करावं लागेल. आणि गुन्हा नोंदवायचा की नाही–’’ त्यांनी उगाच कागद सरळ केले. ‘‘दोन साक्षीदार हवेत.’’

एक साक्षीदार हेडमास्तर. दुसरं कुणी पुढे येईना. हेडमास्तर नात्यातले, म्हणून दुसरा तरी नात्यातला नसलेला, वाचता येणारा आणि घटनेच्या वेळी हजर असलेला माणूस हवा होता. शेवटी भाऊच पुढे आले.

‘‘काय पाहिलंत ते सांगा,’’ साहेब म्हणाले.

काटेसाहेब हात मागे बांधून सरळ उभे राहिले. भाऊंनी आता वीस वर्षांची गोष्ट काढली तर ती ऐकून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. भाऊंनी पितळी किलो उचलून हातात तोलला.

‘‘लिहा,’’ ते म्हणाले. ‘‘या वजनानं यांनी कुणाला काही विकलं नाही. कुणाकडून काही घेतलं नाही. मुलांना शिकवायला आणलं होतं. आणि मुलं शिकली.’’ क्षणभर थांबून त्यांनी जोडलं, ‘‘मला त्रास झाला, तेही लिहा. पण गुन्हा नाही.’’

साहेबांचे खांदे सैल पडले. ते भराभर लिहू लागले. विक्रीसाठी वापर नाही, सबब गुन्हा नाही, वस्तू जप्त, प्रयोगाची नोंदवही सोबत जोडली आहे. वही वकीलबाईनं पुढे केली. सगळ्या खुणा, बाजू बदलल्याची नोंद, पाणी कुणी ओतलं त्याचं नाव, सगळं तिनं रेघा मारून लिहिलं होतं. साहेबांनी पंचनामा वाचून दाखवला. '...सदर पितळी वजन प्रमाणापेक्षा किंचित जास्त आढळले.' वाचून त्यांनी जुन्या साहेबांकडे पाहिलं. एवढं तरी आपल्याला करता येतं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

काटेसाहेबांना ते कळलं. 'किंचित' वाचून बरंही वाटलं. पण मुलं ऐकत होती.

‘‘किंचित म्हणजे किती?’’ त्यांनी विचारलं.

‘‘साहेब, असू द्या ना.’’

‘‘तराजूवर किती आलं?’’

‘‘एकेचाळीस ग्रॅम.’’

‘‘मग किंचित खोड,’’ काटेसाहेब म्हणाले, ‘‘आणि एकेचाळीस लिही. आकड्यात लिही, आणि कंसात अक्षरीसुद्धा.’’